मुरमाची पट्टी आणि कॅप्टनसाहेब

विमानांची नोकरी केली असं सांगितलं की लोक पहिल्यांदा माझ्या चपलांकडे बघतात. मग विचारतात, पुण्याला का मुंबईला? मी म्हणतो, माण तालुक्यात. यावर बरेच जण हसतात. जिथे प्यायला पाणी नाही तिथे विमान कुठून आलं, असं त्यांना वाटतं. त्यांचंही चुकत नाही म्हणा. पण विमानाला उतरायला सपाट आणि कडक जमीन लागते, आणि ती आमच्याकडे लागेल तेवढी आहे.

सैन्यात चोवीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रस्ते आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत. परत आलो तेव्हा माजी सैनिक म्हणून बांधकाम खात्यात ही जागा मिळाली. नेमणुकीच्या कागदावर 'चौकीदार' एवढंच लिहिलं होतं. कशाचा चौकीदार, ते दहिवडीहून आत माळावर गेल्यावर कळलं. साधारण किलोमीटरभर लांब, दाबून सपाट केलेली मुरमाची पट्टी, एका टोकाला पत्र्याची खोली आणि खांबाला लटकलेली फाटकी कापडी पिशवी. ही पिशवी वारा कुठून येतो ते वैमानिकाला दाखवते. जवळच्या वाडीतले लोक तिला पायजमा म्हणत, एका पायाचा.

डांबर नाही, दिवे नाहीत, तिकीट नाही. महिन्यातून तीन-चार वेळा एखादं छोटं विमान यायचं. कधी विमान शिकवणाऱ्या संस्थेचं, कधी कारखान्याच्या साहेबांचं, कधी नुसतं हौशी माणसाचं. एक पुढारी हेलिकॉप्टरनं उतरले, हार घालून घ्यायला मान पुढे केली आणि मग विचारलं, माणसं कुठे आहेत? सभा वीस किलोमीटरवर दुसऱ्याच गावात होती. एका नवरदेवाला लग्नाआधीचे फोटो काढायचे होते. त्याला विमानाच्या पंखावर बसायचं होतं आणि त्या आठवड्यात विमानच नव्हतं. शेवटी पायजम्याच्या खांबाला टेकून काढले. ते फोटो चांगले आले, मला पत्रिकेबरोबर एक पाठवलाही.

माझं खरं काम होतं चालण्याचं. रोज सकाळी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत जायचं. लिंबाएवढा दगड दिसला की उचलून बाहेर फेकायचा, कारण तो पंख्यानं उडाला तर विमानाचं पोट फोडतो. उंदरानं बीळ केलं असेल तर बुजवायचं. कडेच्या दगडांना चुना लावायचा. मेंढरं आत आली तर हाकलायची आणि मेंढक्याशी भांडायचं, मग त्याच्याच शेळीच्या दुधाचा चहा प्यायचा. गुडघे त्या चालण्यात गेले, पण माझ्या पट्टीवर खडा नसतो हे मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगू शकत होतो.

उन्हाळ्यात टिटवी नेमकी पट्टीच्या मधोमध अंडी घालायची. घरटं वगैरे काही नाही, चार खडे आणि खड्यांच्याच रंगाची अंडी. ती हलवली तर टिटवी सोडून देते. मी येणाऱ्या वैमानिकाला फोन करून सांगायचो की साहेब, मध्ये अंडी आहेत, जरा डाव्या अंगानं उतरा. बहुतेक जण फोन ठेवून द्यायचे. एकानं विचारलं, किती अंडी? मी म्हटलं, चार. तो म्हणाला, "बरं, मग मी उजवीकडून येतो, डावीकडं तिचा नवरा बसलेला असतो." हे कॅप्टनसाहेब.

ते सांगलीचे, विश्रामबागेत राहणारे. विमान शिकवणाऱ्या संस्थेत त्यांनी तीस वर्षं मुलांना उडायला शिकवलं होतं. आता साठी उलटली होती, पण परवाना चालू होता आणि दोन माणसांचं एक जुनं विमान घेऊन ते महिन्यातून एकदा तरी आमच्याकडे यायचे. उतरण्याआधी पट्टीवरून एक फेरी मारायची, पंख डुलवायचे, मग दुसऱ्या फेरीला उतरायचं. उतरले की स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी मला द्यायचे आणि माझ्याकडून बाजरीची भाकरी घ्यायचे. सैन्यात मी पुष्कळ साहेब पाहिले. माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारणारा हा पहिला. मुरूम कसा बसतो, किती थर, किती पाणी, हे त्यांनी माझ्याकडून खाली बसून, हातात मुरूम घेऊन शिकून घेतलं.

तेच इथे सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुरूम नुसता पसरला आणि वरून रोलर फिरवला तर तो वरून गुळगुळीत दिसतो. आत भुगाच राहतो. त्याला पाणी पाजावं लागतं. थर टाकायचा, भिजवायचा, दाबायचा, पुन्हा थर, पुन्हा पाणी. मग एक दिवस ठेवायचं. त्यानंतर त्याच्यावरून ट्रक गेला तरी हलत नाही.

आणि दुसरी गोष्ट फुलीची. पट्टी उतरण्याजोगी नसेल तर मधोमध दोन पांढरे कापडी पट्टे आडवेतिडवे टाकून मोठी फुली करायची. वरून ती दिसली की वैमानिक परत जातो, कारण विचारत नाही. ते पट्टे माझ्या खोलीत पेटीत होते. चौदा वर्षांत मी ते उन्हात वाळवायला तेवढे काढले होते. माझ्या पट्टीवर फुली पडली नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो. खूप सांगायचो.

त्या वर्षी एप्रिलात पवनचक्कीचं पातं घेऊन जाणारा एक लांबलचक ट्रेलर रस्ता चुकला आणि ड्रायव्हरनं वळायला जागा म्हणून माझी पट्टी वापरली. मी तालुक्याला गेलो होतो. परत आलो तर अवजड चाकं जागच्या जागी घुमून पट्टीला आडवे दोन चर पडले होते, गुडघाभर खोल. खात्याच्या अभियंत्यांना फोन केला. ते म्हणाले, मुरूम पाठवतो, रोलर पाठवतो, पाण्याचा एक टँकर पाठवतो, सोमवारी कॅप्टन येतायत, तोपर्यंत उरकून टाका.

शनिवारी मुरूम आला, रोलर आला. दुपारी टँकर आला, आणि टँकरच्या मागे वाडीतल्या बायका आल्या. वाडीचा स्वतःचा टँकर सहा दिवस आला नव्हता. विहिरीच्या तळाला गाळ होता, तो फडक्यातून गाळून पीत होते. पुढे हौसाबाई होती. तिचे दोन्ही मुलगे मुंबईला, घरी ती, सुना आणि नातवंडं. ती कधी ओरडून बोलायची नाही. टँकरच्या तोटीजवळ हंडा ठेवून उभी राहिली.

"नाना, ह्ये पानी कुठं वतनार?"

"चरात. मुरूम भिजवायचाय."

"मातीला पाजनार व्हय?" तिनं चराकडे बघितलं. "आवं, मग आमाला माती समजा की."

मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझं काय न्हाई नाना, मी हितं आणून सोडलं. तुमी सई करा, मी जातो." मी सही केली. मग तोटी सोडली. हंडे, कळश्या, पत्र्याचे डबे, एकीनं तर लेकराची आंघोळीची बादली आणली होती. तळाशी थोडं राहिलं तेवढं चरावर शिंपडलं. मुरमाचा वरचा थर ओला दिसला. रोलरवाल्याला चार फेऱ्या जास्त मारायला लावल्या.

रविवारी मी भरलेल्या चरावर उभा राहून टाच मारून बघितली. खचली नाही. पण माझं वजन पंचावन्न किलो आणि मी उभा होतो. विमान वेगात येतं आणि त्याचं पुढचं चाक हाताच्या पंजाएवढ्या जागेवर दाबतं. हे मला माहीत होतं. मीच तर ते लोकांना समजावून सांगायचो.

सोमवारी सकाळी पेटी उघडली. पांढरे पट्टे बाहेर काढले, पट्टीच्या मध्यापर्यंत खांद्यावर घेऊन गेलो. तिथे उभा राहिलो. फुली टाकली तर कॅप्टन परत जाणार, अभियंते विचारणार की टँकर दिला होता ना, मग काय झालं? पाणी वाडीला दिलं हे सांगावं लागणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. हे सगळं मनात आलं, नाही असं नाही. पण खरं सांगू का, त्याहून जास्त मला असं वाटलं की चौदा वर्षांत नाही घातली ती आज घालू? टाच तर खचली नाही. मी पट्टे गुंडाळले आणि परत पेटीत ठेवले.

दहाच्या सुमारास कॅप्टन आले. एक फेरी, पंख डुलवले, मी हात केला. उतरले ते अगदी सुरेख, टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. विमान धावत चराशी आलं आणि पुढचं चाक आत गेलं. मोठा आवाज झाला नाही, वाळक्या तुराट्यांचा भारा मोडावा तसा झाला. चाकाचा पाय मुडपला, पंखा मुरमात घुसला, शेपूट वर गेली आणि विमान नाकावर घसरत कडेच्या दगडांना जाऊन थांबलं. नंतर पेट्रोलचा वास आला.

मी पळालो. त्या वयात कसा पळालो कोण जाणे. एक मेंढका माझ्याआधी पोचला होता, त्यानं कुऱ्हाडीनं दार उचकटलं. कॅप्टन खुर्चीच्या पट्ट्यात लोंबत होते, कपाळ फुटलेलं, उजवा हात खांद्यापासून भलत्याच बाजूला. आम्ही त्यांना ओढून लांब नेऊन निजवलं. वाडीतून बायका धावत आल्या. हौसाबाईच्या हातात कळशी होती. तिनं पदर भिजवून त्यांच्या डोळ्यातलं रक्त पुसलं. पाणी कुठलं, ते मला दिसत होतं आणि तिलाही दिसत होतं.

कॅप्टननी डोळे उघडले. "नाना," ते म्हणाले, "आज तुमच्या पट्टीनं मला लोटांगण घालायला लावलं." मग विचारलं, "मशीन पेटलं नाही ना?"

जीपमधून त्यांना साताऱ्याला नेलं. खांद्याचं हाड मोडलं होतं, बाकी जीव वाचला.

आठवड्यानं चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी मोजमापं घेतली, फोटो काढले. मग एकानं मला विचारलं, "भराव टाकला तेव्हा पाणी मारलं होतं?"

मी म्हणालो, "टँकर आला होता, साहेब."

यात खोटं काही नव्हतं. माझी सहीही होती. सैन्यात असतो आणि असं उत्तर कुणी मला दिलं असतं, तर मी त्याला दिवसभर उन्हात उभा केला असता. अधिकाऱ्यांनी वाडीतही विचारलं. मी कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण बायकांनी मला वाचवायचं आपसात ठरवून टाकलं होतं. "पानी व्हय? वतलं की समदं मातीत. आमी डोळ्यांनं बघितलं," असं एकजात सगळ्यांनी सांगितलं.

पाच आठवड्यांनी अभियंते आले. खुशीत होते. म्हणाले, "सुटलात नाना. वैमानिकाची चूक धरलीय. वेगानं उतरवलं म्हणे. पुढची चौकशी होईपर्यंत त्यांचा परवाना थांबवला."

मला त्यांना चहासुद्धा विचारायचं सुचलं नाही. ज्या माणसाचं विमान टेकल्याचं कळायचं नाही, त्याच्या नावावर 'वेगानं उतरवलं' असं लिहिलं गेलं होतं, आणि ते लिहायला मी जागा करून दिली होती. मला माझीच शिसारी आली.

हौसाबाई संध्याकाळी लाकडं घेऊन चालली होती. तिनं विचारलं, "त्यो साहेब बरा हाय का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं भारा खाली ठेवला.

"म्हंजी आमी तुमाला वाचवाय गेलो आन त्येला बुडवलं?"

"तुम्ही नाही, मी."

"ऱ्हाऊ द्या ते. तुमी जाऊन खरं सांगा. आमी बी सांगतो. पानी काय चोरलं न्हाई नाना, मागून घेतलं. त्येची लाज कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेलो. आधी कॅप्टनना सांगायचं आणि मग वर लिहून द्यायचं ठरवलं होतं. विश्रामबागेतल्या घरी त्यांच्या पत्नीनं, बाईंनी, दार उघडलं. कॅप्टन मोडलेला हात गळ्यातल्या झोळीत अडकवून बसले होते. मी उभ्यानंच बोललो. टँकर, हंडे, तळाचं पाणी, चौकशीतलं उत्तर, काही झाकून ठेवलं नाही.

त्यांनी आधी मला समोरच्या खुर्चीवर बसायला लावलं. मग म्हणाले, "पाणी दिलंत ते बरोबर केलंत. मी असतो तर मीही दिलं असतं. पण नाना, फेरी मारताना मला वरून दिसलं होतं की भराव फिका आहे. ओला मुरूम गडद दिसतो, तुम्हीच शिकवलंय. मी विचार केला, परत जावं का. मग बघितलं तर फुली नव्हती. म्हटलं, नानांनी बघितलं असेल."

 बाईंनी पाणी आणून दिलं, मी त्यांच्याकडे कागद मागितला.

तिथेच बसून लिहून काढलं आणि पाठवलं. वाडीतल्या बायकांनी नंतर वेगळा अर्ज दिला, त्यावर अंगठे आणि सह्या केल्या. खात्यानं मला लेखी समज दिली आणि पट्टीवरून हलवलं. उरलेली नोकरी कोयनानगरच्या बाजूला, घाटातल्या एका गोदामात पाइप सांभाळत काढली. शिक्षा म्हणून ती कमीच होती. पण सकाळी उठल्यावर चालायला पट्टी नाही, याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. आठ महिन्यांनी कॅप्टनचा फोन आला. "परवाना परत आला, नाना. ठपका पुसला. आभार." एवढंच बोलले. त्या दिवशी मी गोदामातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि संध्याकाळी त्यांना फोन करून तसं सांगितलंही.

त्यानंतर डोंगरावरून एखादं छोटं विमान गेलं की मी गोदामाबाहेर येऊन हात करायचो. सोबतचे लोक हसायचे. मी म्हणायचो, हसा, आमचे साहेब चाललेत. निवृत्त झालो, दहिवडीला घरी आलो, तरी सवय तीच. अशी चार वर्षं गेली.

गेल्या वर्षी पुतणीच्या मुलीला कॉलेजात घालायला सांगलीला गेलो होतो. विश्रामबाग जवळच, म्हणून कॅप्टनकडे गेलो. दार बाईंनीच उघडलं. कॅप्टन खिडकीशी बसले होते. माझ्या आवाजानं मान वळवली, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. डोळ्यांचे पडदे गेले होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "परवाना परत आला त्याच महिन्यात डोळ्यांची तपासणी होती. ती पास झाली नाही. विमानात शेवटचे बसले ते तुमच्या पट्टीवर आले तेव्हा, नाना. त्यानंतर नाही."

म्हणजे डोळ्यांनी साथ दिलेले शेवटचे महिने, खांदा जुळून आल्यावरचेही, त्यांनी परवान्याची वाट बघण्यात घालवले. पहिल्या चौकशीत मी एक वाक्य खरं बोललो असतो, तर त्यातले बरेचसे त्यांनी आकाशात काढले असते. मी खाली बसलो आणि रडलो. 

"मला कळवलं का नाहीत?" शेवटी म्हटलं.

"तुम्ही पेढे वाटल्याचं सांगितलं होतंत फोनवर. म्हटलं, कशाला." मग ते हसले. "तुम्ही इतकी वर्षं काय केलंत?"

मी सांगितलं, कोयनेला होतो, विमान दिसलं की तुम्ही समजून हात करत होतो. वाटलं, ते दुखावतील. पण ते खुर्चीत पुढे सरकले.

"कुठली विमानं? पंख वर होते का खाली? कुठल्या बाजूनं जायची?"

"साहेब, आता..."

"सांगा हो. मला आता कोण सांगतं?"

मग मी सांगत बसलो. पांढरं, पंख वर, दोन पानांचा पंखा, पाटणकडून येऊन धरणावरून वळालेलं. पिवळ्या शेपटीचं, ढग खाली असताना कड्याला फार जवळून गेलेलं. ते मध्येच विचारायचे, इंजिनाचा आवाज एकसारखा होता का, वळताना नाक खाली गेलं का, वारा कुठला होता. कधी म्हणायचे, "हं, नवशिक्या होता तो." बाईंनी दोनदा चहा केला. दुपार सरली तरी ते सोडेनात. एकदा मला वाटलं, सांगायचं संपतंय, एखादं विमान मनानं रचून सांगावं, त्यांना काय कळणार आहे. तोंड उघडलंही होतं.

"त्या पिवळ्याचं पुढं काय झालं?" त्यांनी विचारलं. "डोंगर ओलांडला का त्यानं?"

"ते मी बघितलं नाही, साहेब," मी म्हणालो. "मला माहीत नाही."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरं. मग जे बघितलंत ते परत सांगा."